सोयाबीनचं माहेर चीन

आम्ही निफाड तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. दिवाळी तोंडावर, गटाचा हप्ता डोक्यावर. सोयाबीन आत्ताच लासलगावला न्यायचं की घरात ठेवायचं, यावर बैठकीत वाद झाला.

हे पीक मूळचं चीनचं. तिथून अमेरिकेत गेलं आणि अमेरिकेचं ‘ब्रॅग’ वाण १९६०च्या दशकात आपल्याकडे आलं. आज सोयाबीनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीनच. डुकरा-कोंबड्यांना पेंड लागते ना! जुलै २०१८मध्ये चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला, तिकडचे भाव पडले. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणून त्यांच्या भांडणाची झळ आपल्या बाजारालाही लागते.

शेवटी आम्ही निम्मं विकलं, हप्ता भरला. उरलेलं उन्हात घातलंय. हमीभाव केंद्रावर ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो.