विमा कंपनीनं दावा नाकारला, तर पुढे काय करायचं?



आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आता बऱ्याच घरांपुढे गाडी उभी असते. कुठे भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात जाणारा छोटा टेम्पो, कुठे आसनगाव स्टेशनावरून किन्हवली, डोळखांबकडे माणसं नेणारी जीप, कुठे रिक्षा, कुठे ट्रॅक्टर. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल नाहीतर मुलाच्या, पण तिच्या कर्जाच्या हप्त्याची जुळवाजुळव बहुतेक घरांत बाईच करते. कधी त्यासाठी बचत गटाचं कर्जही घेतलेलं असतं.

आणि आपले रस्ते तुम्हांला ठाऊक आहेत. एकीकडे कसारा घाट, दुसरीकडे माळशेज. पावसाळ्यात धुकं, दरडी, पुलावरून जाणारं पाणी. गाडीला कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणून तर आपण विमा उतरवतो. पण अपघात होतो, गाडी गॅरेजला जाते, आणि महिना-दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र येतं : आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे. घरातले म्हणतात, “एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडणार? जाऊ दे.” बँकेचा हप्ता मात्र जाऊ दे म्हणून थांबत नाही. म्हणून आज असं पत्र आल्यावर काय करायचं, ते बोलू.

आधी आपली पॉलिसी कोणती आहे ते बघा. गाडीचा विमा दोन प्रकारचा असतो. एक थर्ड पार्टी, तो कायद्यानं सक्तीचाच आहे. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते भरून देण्यासाठी तो असतो. आपली स्वतःची गाडी मोडली किंवा चोरीला गेली, तर त्यातून पैसे मिळत नाहीत. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो. दोन्ही एकत्र असले की त्याला पॅकेज किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात. फक्त थर्ड पार्टी असेल, तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी भांडून उपयोग नाही. फुल इन्शुरन्स असेल, तर पुढचं नीट ऐका.

पहिली गोष्ट, तोंडी नकार ऐकून घरी बसू नका. एजंट फोनवर म्हणतो, “ताई, तुमचं काम होणार नाही.” तो कंपनीचा निर्णय नव्हे. नकार लेखी मागा. पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली दावा नाकारला, ते त्या पत्रात असायला हवं. गाडी पाहायला सर्व्हेअर आला होता ना? त्याच्या अहवालाची प्रतही मागा. हे पत्र फार महत्त्वाचं आहे, कारण पत्रात एक कारण द्यायचं आणि पुढे सुनावणीत दुसरंच काढायचं, हे कंपनीला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलेलं आहे.

आता नेहमी दिली जाणारी कारणं बघू.

पहिलं कारण, “तुम्ही उशिरा कळवलंत.” चोरीच्या बाबतीत हे फार ऐकू येतं. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. त्यानं त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली, पण विमा कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले. कंपनीनं दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २४ जानेवारी २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला, की चोरी होताच पोलिसांत तक्रार दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही. त्या पीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. पण यातली मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा, त्या माणसाकडे त्याच दिवसाची पोलीस तक्रार होती. आणि हा निकाल चोरीबद्दलचा आहे. अपघातात तुम्ही सर्व्हेअरनं बघायच्या आधीच गाडी दुरुस्त करून घेतली, तर बाजू लंगडी पडते.

दुसरं कारण, “ड्रायव्हरचं लायसन बरोबर नव्हतं.” आपल्याकडे पोराकडे साध्या हलक्या गाडीचं लायसन असतं आणि तो पिवळ्या पाटीचा टेम्पो चालवतो. त्यावर कंपनी बोट ठेवते. याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. हलक्या वाहनाचं लायसन असलेल्या माणसाला एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू किंवा प्रवासी गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळा शेरा लागत नाही, असं त्यात म्हटलं आहे. गाडीचं एकूण वजन आरसी बुकात लिहिलेलं असतं. पण मोठ्या ट्रकला, धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला किंवा मुदत संपलेल्या लायसनला हा निकाल उपयोगी पडणार नाही.

तिसरं कारण, “खाजगी गाडी भाड्यानं चालवत होता.” लग्नाला, यात्रेला, दवाखान्यात न्यायला गावातली इको भाड्यानं जाते, हे आपल्याला नवीन नाही. हा अटीचा भंगच आहे, ते नाकारू नका. पण २००८ साली चोरीच्या आणि २०१० साली अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एवढ्यावरून सगळा दावा फेटाळता येत नाही, काही भाग तरी द्यावा. अशा वेळी साधारण ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची पद्धत आहे. तिला नॉन-स्टँडर्ड दावा म्हणतात. प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही, पण तुमच्या अर्जात “पूर्ण नाही, तर निदान नॉन-स्टँडर्ड धरून रक्कम द्यावी” हे वाक्य जरूर असू द्या.

चौथं कारण, “कागद अपुरे आहेत.” छत्तीसगडमधल्या एकाचा ट्रक २०१३ साली चोरीला गेला. कंपनी आरसी बुकाची दुसरी प्रत मागत राहिली. गाडी चोरीला गेल्याची नोंद झाल्यामुळे आरटीओ ती देईना. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जो कागद आणणं माणसाच्या हातातच नाही, तो नाही म्हणून दावा अडवता येत नाही. त्याला विम्याचे १२ लाख रुपये व्याजासह द्यायला लावले. तेव्हा एखादा कागद मिळत नसेल, तर ज्या कचेरीनं तो नाकारला, तिच्याकडून तसं लिहून घ्या, निदान आपल्या अर्जाची पोच तरी जपून ठेवा.

पाचवं कारण पावसाळ्यातलं. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, पाणी ओसरल्यावर पोरानं चावी फिरवली आणि इंजिन जाम झालं. कंपनी म्हणते, हे नुकसान पुरानं नव्हे, गाडी चालू केल्यानं झालं. इथे भांडण जिंकणं अवघड जातं. म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, की पाण्यात बुडालेली गाडी चालू करायची नाही. फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून न्यायची.

काही वेळा कंपनीचंच बरोबर असतं, तेही सांगते. दारू पिऊन चालवली, लायसनच नव्हतं, पॉलिसीची मुदत संपली होती, तर बहुतेक दावा जातो. नव्या गाडीच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली आणि मग ती चोरीला गेली, अशा प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. आणि आपल्याकडे नेहमी घडणारी गोष्ट म्हणजे जुनी गाडी घ्यायची, पैसे द्यायचे आणि कागद पहिल्या मालकाच्याच नावावर ठेवायचे. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा येत नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या.

आता दाद कुठे मागायची ते क्रमानं सांगते. कागद-पेन्सिल घेतली असेल तर लिहून घ्या.

पहिली पायरी कंपनीचीच. प्रत्येक कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याला पत्र लिहा. पॉलिसी नंबर, दाव्याचा नंबर, घटनेची तारीख, नकाराची तारीख आणि नकार चुकीचा का आहे, एवढं एका पानात बसतं. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपा. यासोबत विमा नियामक, म्हणजे ज्याला आपण इर्डा म्हणतो, त्याच्याकडेही तक्रार नोंदवता येते. बिमा भरोसा असं त्या सेवेचं नाव. फोन १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२. तक्रारीचा जो नंबर मिळेल तो लिहून ठेवा.

दुसरी पायरी विमा लोकपाल. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर इथे जायचं. ठाणे जिल्ह्यासाठीचं लोकपालांचं कार्यालय ठाणे शहरात आहे. इथे फी नाही, वकील चालत नाही, आपली बाजू आपणच मांडायची. ५० लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतात. सगळे कागद पोचल्यावर तीन महिन्यांत निकाल द्यायचा असा नियम आहे. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत तो पाळला नाही, तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड तक्रारदाराला द्यावा लागतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत इथे अर्ज करायला हवा.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग, तोही ठाण्याला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नं दिला आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीला असो की चेन्नईला, आपल्याला तिकडे जावं लागत नाही. आपण भरलेली विम्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आपल्या गाड्यांचा विमा त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. वकील नसला तरी चालतं. मुदत दोन वर्षांची. “टेम्पो धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहकच नाही,” असं कंपनी म्हणू शकते. त्याला उत्तर आहे. विमा नफ्यासाठी घेत नाहीत, नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. काही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

हा क्रम मी मुद्दाम सांगितला. ग्राहक आयोगात तक्रार चालू असताना लोकपालांकडे जाता येत नाही. पण लोकपालांचा निकाल पटला नाही, तर आयोगाकडे जाता येतं. म्हणून आधी लोकपाल. आणि वेळेचंही खरं सांगायला हवं. आयोगानं शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात वर्षं जातात. त्या ट्रॅक्टरवाल्याला चोरीपासून निकालापर्यंत नऊ वर्षांहून जास्त लागली. आपल्याला एवढा दम नाही, म्हणून जवळचा आणि बिनखर्चाचा रस्ता आधी धरायचा. तोवर बँकेलाही लेखी कळवा की विम्याचा वाद चालू आहे आणि हप्त्याबद्दल बोलून घ्या, नाहीतर गाडी ओढून नेण्याची पाळी येते.

अजून एक. कंपनी कधी कधी अर्धी रक्कम देऊ करते आणि “सगळं मिटलं” अशा कागदावर सही मागते. पैशाची नड असते, सही होते. सही करण्याआधी तो कागद वाचून घ्या. रक्कम मान्य नसेल तर “उरलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारत आहे” असं लिहून मगच सही करा, आणि त्या कागदाचा फोटो काढा.

आता आपल्या गटानं काय करायचं? पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी काढा. ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी पॉलिसी, आरसी बुक आणि ड्रायव्हरचं लायसन घेऊन यावं. नाव तेच आहे का, मुदत कधी संपते, विमा कोणत्या प्रकारचा आहे, एवढं तिघींनी मिळून तपासायचं. मुदतीच्या तारखा गटाच्या वहीत लिहा. शिकलेल्या मुलीकडून सगळ्या कागदांचे फोटो काढून घ्या, म्हणजे गाडीसोबत कागद गेले तरी आपल्याकडे प्रत राहील. आणि कुणाच्या हातात नकाराचं पत्र आलंच, तर तिला एकटीला ठाण्याला पाठवू नका. पत्र लिहायला एकीनं बसावं, सोबत दुसरीनं जावं.

विम्याचे पैसे आपण दर वर्षी भरतो ते वाईट दिवसासाठी. तो दिवस आल्यावर हिशेब विचारायला कचरू नका. आज रात्री जेवणं झाली की पॉलिसीचा कागद शोधून त्यावरची तारीख तेवढी बघा.