शंका असली तरी या



पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की केडगावचं मुक्ती मिशन डोळ्यांपुढं येतं. दुष्काळातून त्यांनी उचलून आणलेल्या मुली आठवतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलताना मात्र आपण फार घाई करतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि सगळं मार्गी लागलं, असं आपण धरून चालतो. तसं झालं नव्हतं.

आधी त्यांच्यावर काय काय ओढवलं होतं ते पाहा. दुष्काळात पायी भटकताना वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा, आणि रमाबाई स्वतः अजून चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. इतकं सोसलेल्या बाईनं नव्या धर्मात तरी मुकाट्यानं मान डोलवावी, अशी अनेकांची अपेक्षा असणार. रमाबाईंनी डोलवली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीपोटी जन्म, चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द, या सगळ्यांबद्दल त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांमागून पत्रं लिहिली. जेराल्डिन म्हणजे त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा गर्व वाटला. मला ती पत्रं वाचताना वाटतं, ज्याला देव हवाच आहे तोच इतक्या पोटतिडकीनं भांडतो.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण खुद्द ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे त्यांनीच पुढं आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. शारदा सदनसारखी संस्था चालवणाऱ्या बाईनं असं उघड लिहिणं सोपं नव्हतं.

आणि पुढच्या काळातही त्यांचे हात रिकामे नव्हते. केडगावला छापखाना उभा राहिला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं तिथल्या मुली आणि बायका शिकल्या. बायबल साध्यासुध्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि वर्षानुवर्षं ओळीमागून ओळ लिहीत राहिल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा, ती एकुलती एक मुलगी. त्यानंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.

रमाबाईंसारखीच शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट आपण दर पुनरुत्थानकाळात ऐकतो. जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं तो म्हणाला, एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण योहानानं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा एकत्र जमले तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. इतरांनी त्याला घालवून दिलं नव्हतं आणि तोही रुसून निघून गेला नव्हता. प्रभू भेटला तो तिथंच, त्या मंडळीत.

आपल्या मंडळ्यांत काय होतं? घरात कर्ता माणूस गेला, की सांत्वनाला आलेले लोक पहिल्याच दिवशी 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होतात. ती विधवा रविवारी उपासनेला येते, शेवटच्या बाकावर बसते. गीत सुरू झालं की पुस्तक उघडते, पण ओठ हलत नाहीत. चार रविवार गेले की कुणीतरी हलकेच म्हणतं, तिचा विश्वास कमी पडतोय. पाचव्या रविवारी ते बाक रिकामं असतं.

पाळकांना आणि वडीलजनांना माझी कळकळीची विनंती आहे. असं कुणी दिसलं तर उपदेश करू नका, जवळ जाऊन बसा. आणि तुम्ही जे घरी बसून ऐकत आहात, ज्यांना सध्या प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, त्यांनी येत्या रविवारी उपासनेला यावं. गायला जमलं नाही तर गाऊ नका. पण या.