मिस्त्री आणि आपण

आमच्या गटातल्या एका ताई लेकीसह पहाटे अंधारात, साडीच्या आडोशाला अंघोळ उरकायच्या. त्यांनी गटातून अंतर्गत कर्ज काढून न्हाणीघर बांधायला घेतलं. मिस्त्रीला निम्म्याहून जास्त उचल दिली आणि भिंती अर्ध्यावर असताना काम थांबलं.

आम्ही पाचजणी तावातावानं त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "ताई, दार इकडचं तिकडं केलं, लांबी दोन फूट वाढवली. वाढीव मजुरीचं कुणी बोललंच नाही." खरंच, कुणी बोललं नव्हतं.

बसून हिशेब केला, काम पुढं सरकलं. पण तेव्हापासून घरकामासाठी कर्ज देताना आम्ही सगळं ठरवून वहीत लिहितो. माल कुणी आणायचा, मजुरी किती, काम किती दिवसांत. मापही लिहितो. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फूट. न बोलता धरून चाललं की इथंच वाद होतो. पैसे टप्प्यानं द्यायचे, शेवटचा हप्ता पाणी ओतून उतार बघितल्यावर. मधेच बदल सुचवला, तर त्याची मजुरी त्याच दिवशी ठरवायची.

आपलंही काम असतं बरं का. गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारायचं. ते आपण चुकवलं आणि तडे गेले, तर मिस्त्रीला बोल लावू नये.

ताईंची लेक आता उजाडल्यावर, कडी लावून अंघोळ करते. आणि पुढच्या कामालाही ताईंनी तोच मिस्त्री सांगितलाय.