दाबलेली हवा आणि अडकलेली झडप

हवेला रंग नाही, आकार नाही, हातात धरावे असे काही नाही. तेव्हा तिच्या अंगी बळ तरी कोठून असणार, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. शास्त्राच्या पुस्तकात याच्या उलट वाचलेले असते. पण वाचलेले आणि हाताला पटलेले यांत अंतर राहते. एअर रायफलची हवेची टाकी हाती घेतली आणि तिची झडप अडकून बसलेली असली, म्हणजे या समजाची खरी परीक्षा होते.

ही टाकी आता केवळ शिकाऱ्याच्या घरची वस्तू राहिलेली नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या अंजली वेदपाठक, पुढच्या अंजली भागवत, दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, आणि २०२२ साली कैरो येथे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील विश्वविजेता झाला. मुलगा किंवा मुलगी नेमबाजी शिकू लागली, की ४.५ मिलिमीटर छऱ्याची ही रायफल घरात येते आणि तिच्या नळीखाली बसणारी टाकीही येते. स्पर्धेच्या टाकीत सामान्यतः २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने हवा भरलेली असते.

दाबलेल्या हवेवर बंदूक चालवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. बार्तोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराची हवेची रायफल १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाली. तिचा दस्ता म्हणजेच लोखंडी टाकी. ती भरण्यासाठी हातपंप सुमारे १,५०० वेळा मारावा लागे, आणि झडपेपाशी हवा निसटू नये म्हणून चामड्याच्या चकत्या ओलसर ठेवाव्या लागत. १८०३ साली मेरिवेदर लुईस अमेरिकेच्या पश्चिमेकडील मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्यापाशी हवेची रायफल होती. ती जिरार्दोनीच्या बनावटीची असावी, असे अनेक संशोधक मानतात. प्रवासाच्या अगदी आरंभी ती पाहावयास घेतलेल्या एका गृहस्थाच्या हातून चुकून सुटली, आणि सुमारे चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. धूर नाही, दारू नाही, म्हणून हे हत्यार निरुपद्रवी ठरत नाही, हे त्या दिवशीच दिसून आले.

आता थोडे गणित पाहावे. झडपेचा व्यास दोन सेंटिमीटर धरला, तर तिच्या आतल्या बाजूचे क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरते. २०० बार दाबाने तेवढ्या जागेवर सुमारे ६४० किलोग्रॅमचा भार पडतो. सहा क्विंटलांहून अधिक वजन त्या चिमुकल्या झडपेला बाहेर ढकलत असते, आणि तिला धरून ठेवतात ते केवळ आट्यांचे काही वेढे. झडप पान्याला दाद देत नाही याचे एक कारण येथेच सापडते. आत दाब शिल्लक असला म्हणजे आटे एकमेकांवर इतके घट्ट दाबले जातात, की ते गंजल्यासारखे वाटतात. मनुष्य समजतो की झडप अडकली आहे. वस्तुतः ती आपले कर्तव्य करीत असते. अशा वेळी लांब दांड्याचा पाना आणून तिला फिरवले, तर प्रत्येक फेऱ्यागणिक धरून ठेवणारे आटे कमी होतात आणि भार तेवढाच राहतो. अखेर उरलेले आटे तुटून झडप गोळीसारखी सुटते. पाना धरणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बहुधा तिच्या वाटेतच असतो.

खऱ्या अर्थाने झडप अडकण्याची कारणे निराळी आहेत. टाकी ॲल्युमिनियमची आणि झडप पितळेची किंवा पोलादाची असली, तर ओलाव्याच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजते आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते. हा ओलावा हवेबरोबरच येतो. पाव लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरावयाची म्हणजे बाहेरची सुमारे ५० लिटर हवा आत कोंबावयाची. मुंबईच्या जुलै महिन्यातील तेवढ्या हवेत एक ग्रॅमच्या आसपास पाणी असते. पंपाच्या गाळणीने ते अडवले नाही, तर बरेचसे टाकीतच उतरते. याशिवाय भलत्या तेलाने फुगलेली रबराची कडी आणि आटे ढिले होऊ नयेत म्हणून कारखान्यात लावलेला चिकट द्राव, हीही कारणे असतात.

म्हणून पहिला प्रश्न झडप कशी काढावी हा नसून टाकी रिकामी आहे हे कशावरून ठरवावे, हा आहे. दाबमापकाचा काटा शून्यावर आला म्हणून निश्चिंत होणे बरे नाही. काट्याकडे जाणारा बारीक मार्गही तुंबलेला असू शकतो. रायफलीतून आवाज निघत नाही, हाही पुरावा नव्हे. झडपेची दांडी आत चिकटली असेल, तर सर्व हवा आतच राहून बाहेर शांतता असते. येथे स्वयंपाकघरातील काटा उपयोगी पडतो. पाव लिटर टाकीतील २०० बार हवेचे वजन सुमारे ६० ग्रॅम भरते. रिकाम्या टाकीचे वजन आधी टिपून ठेवलेले असेल, तर हा फरक लपत नाही. मात्र या साक्षीची मर्यादा ओळखली पाहिजे. दहा बार हवा उरली असेल, तर तिचे वजन केवळ तीन ग्रॅम. साधा काटा ती सहज दृष्टिआड करील, आणि तेवढी हवाही त्याच झडपेवर ३० किलोग्रॅमांहून अधिक भार टाकीत असते. टाकी भरलेली आहे हे काटा सांगू शकतो. ती रिकामी आहे हे नाही.

खात्रीचा मार्ग एकच. निर्मात्याने हवा सोडण्यासाठी जो स्क्रू किंवा जे साधन दिले असेल, त्यानेच हवा सावकाश सोडावी, आणि ती निघून गेल्याचा आवाज व वजन या दोहोंची साक्ष घ्यावी. त्यानंतर झडप साध्या जोराने फिरली तर उत्तम. अनेक झडपांच्या आट्यांत एक बारीक छिद्र असते. आटे सुटण्यापूर्वी उरलेली हवा त्यातून निघावी, हा त्याचा हेतू. फिरवताना किंचितही फुसफुस ऐकू आली, तर हात तेथेच थांबवावा आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत वाट पाहावी.

हवा सोडण्याचे साधनच चालत नसेल, तर घरगुती प्रयत्न तेथे संपले पाहिजेत. ज्योतीने तापवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु उष्णतेने आतील दाब वाढतो, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला कारखान्यात दिलेले बळ नाहीसे होते. टाकी वरून जशीच्या तशी दिसते, पण पुढच्या भरणीस ती योग्य राहत नाही. आट्यांत खनिज तेल सोडणेही धोक्याचे. ते आत झिरपले, तर जोराने हवा भरताना तापून पेट घेऊ शकते. टाकी व्हाइसमध्ये आवळून तिच्या अंगावर ओरखडा पाडणे म्हणजे पुढील फुटीची रेघ आखून ठेवणे होय. भोक पाडून हवा सोडण्याचा विचारही करू नये.

टाकीलाही वयोमर्यादा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत स्पर्धेच्या टाकीची वैधता अधिकात अधिक दहा वर्षांची मानली आहे, आणि मुदत पाहण्याची जबाबदारी खेळाडूवरच ठेवली आहे. दहाव्या वर्षाला टेकलेल्या टाकीची अडकलेली झडप काढण्यात काय मिळवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावा. नव्या टाकीची किंमत डोळ्याच्या किमतीपुढे मोठी नाही.

लुईसच्या मोहिमेत जॉन शील्ड्स नावाचा एक लोहार होता. १८०५ च्या जूनमध्ये, शहरांपासून शेकडो मैलांवर, लुईसच्या हवेच्या रायफलीची मुख्य स्प्रिंग त्यानेच बदलली, आणि लुईसने आपल्या रोजनिशीत त्याच्या कौशल्याचे ऋण मान्य केले. अरण्यातही ते काम ज्याला ते येत होते त्याच्या हाती सोपवले गेले. शहरात निर्मात्याचा पत्ता टाकीच्या कागदांवर छापलेला असतो आणि नेमबाजीच्या मैदानावर बंदुका दुरुस्त करणारा जाणकार भेटतो. टाकी त्याच्याकडे नेताना ती भरलेली असावी अशी शंका त्याला आधीच सांगावी, आणि तोवर ती उन्हापासून व मुलांच्या हातांपासून दूर ठेवावी.