कंपवात आणि मेंदूतील विरजण
(वार्षिक समारंभातील भाषण)



कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, आपल्याही घरांतून आहे. हात थरथरतो, कालवण सांडते, म्हणून घरातील वडीलधारे दस्तरखानावर सर्वांबरोबर बसायचे टाळतात. कुठे कुठे त्यांचा पेलाही वेगळा ठेवतात. त्यातच ‘या रोगाचे प्रथिन पसरते’ असे कानावर आले की भीती वाढते. म्हणून हे पसरणे काय आहे, ते सांगतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचे वर्णन केले. 1912 मध्ये फ्रेडरिक लेवी यांना रोग्यांच्या मेंदूतील पेशींत गोळे आढळले. ते मुख्यतः आल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचे असतात, हे कळायला 1997 साल उजाडले. हे प्रथिन तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे. त्याच्या रेणूंची घडी चुकली की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे तंतू बनतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात व्हर्जिनिया ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तंतू प्रयोगशाळेत तयार केले आणि निरोगी उंदरांच्या मेंदूत एकाच जागी, एकदाच टोचले. हा प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. काही महिन्यांत दूरदूरच्या भागांत गोळे दिसू लागले. ते कापडावरच्या तेलाच्या डागासारखे सभोवार पसरले नव्हते. टोचल्या जागेशी ज्या भागांचे चेतातंतू जोडलेले होते, तेथे ते उमटले. डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या आणि सहा महिन्यांत उंदरांच्या हालचाली बिघडल्या.

आपल्या माताभगिनींना हे लवकर उमजेल. चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध बदलते, पण पातेल्यात दूधच नसेल तर काय लागणार? ज्या उंदरांत हे प्रथिन जन्मतःच बनत नाही, त्यांना तेच तंतू टोचले तेव्हा गोळे झाले नाहीत. (विरजणात जिवंत जंतू असतात, येथे नसतात. उपमा तेवढ्यापुरतीच.) 2019 साली त्याच विद्यापीठातून आणखी एक गोष्ट पुढे आली. नुसत्या जोडणीने सारा उलगडा होत नाही. ज्या भागात हे प्रथिन मुळात अधिक बनते, तो भाग अधिक बळी पडतो.

तेव्हा पसरणे आहे ते एकाच मेंदूच्या आत, पेशीतून पेशीत. तेही उंदरांत सुईने सुरू करावे लागले. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा सेवा केल्याने हा आजार लागत नाही.

या प्रथिनाला वाटेत अडवण्यासाठी प्रतिपिंडांची दोन औषधे माणसांवर तपासली गेली. 2022 साली निकाल आले, पण अपेक्षित गुण आला नव्हता. उंदराचा रोग काही महिन्यांचा. माणसात तो हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेला असतो. त्यामुळे मुख्य आधार आजही लेव्होडोपाचाच. या औषधाचे मेंदूत डोपामिन बनते. त्याच्या गोळ्या दिवसातून अनेकदा, ठरल्या वेळी घ्याव्या लागतात आणि एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. रमजानच्या आधीच डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोज्यांची सवलत आहे, हे घरच्यांनीच त्यांना समजावून सांगावे.