पक्षाघात: गुठळी की रक्तस्राव?

हातातला कप अचानक निसटला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर पक्षाघाताची शंका घ्यायलाच हवी. शंभरातल्या साधारण ८५ रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते. ही गुठळी कधी मानेतल्या धमनीतून, कधी अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातून येते. मेंदूच्या डाव्या भागाला फटका बसला, तर उजवा हात-पाय लुळा पडतो, बऱ्याचदा वाचाही जाते. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटते. बहुतेकदा वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेल्या रक्तदाबामुळे. तिथे तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी जास्त दिसते.

पण नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरांनाही प्रकार खात्रीने सांगता येत नाही, सीटी स्कॅन लागतोच. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असला तर ती घातक ठरू शकते. तेल चोळत बसणं तर नकोच. कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. काही मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरीही रुग्णालय गाठा, कारण पाठोपाठ मोठा झटका येऊ शकतो. १०८ ला फोन करा आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा.