वैयक्तिक कारण

मी सैन्यातला निवृत्त अधिकारी. मूळचा साताऱ्याकडचा, पण निवृत्तीनंतर चेन्नईतच राहिलो आणि इथल्या एका कारखान्यात काही वर्षं एचआर विभाग सांभाळला. आजचा विषय आहे कामाच्या ठिकाणची विविधता आणि समावेशकता, आणि त्यात एचआरनं नेमकं करायचं काय. शब्द जड आहेत, म्हणून माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

चेन्नईपासून साधारण 40 किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर आहे. तो आणि शेजारचा ओरगडम, सगळा कारखान्यांचा पट्टा. आमच्या असेंब्ली लाइनवर मुली बऱ्याच होत्या आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. एकदा एका फार चांगल्या मुलीचा राजीनामा आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वैयक्तिक’. मी सही केली. पुढं अशा आणखी सह्या केल्या.

मग एक दिवस लाइनच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, ‘‘सर, दुसरी पाळी सुटल्यावर बस तिला फाट्यावर सोडायची. तिथून गाव दोन किलोमीटर, सगळा अंधार. भाऊ न्यायला यायचा. त्याला बाहेरगावी नोकरी लागली, तेव्हा वडील म्हणाले, आता पुरे.’’

त्या रात्री मी राजीनाम्यांची फाइल आणि बसच्या मार्गांचा कागद शेजारी शेजारी ठेवला. बरेच राजीनामे दुसऱ्या पाळीतले, आणि त्यातले बहुतेक त्याच मार्गावरचे. कारण आमच्या बसमध्ये होतं आणि आम्ही ते त्या मुलींच्या नावावर लिहीत होतो. गस्त पाठवण्याआधी रस्ता पाहून ये, हे मला विशीत शिकवलं होतं. तरी त्या बसमध्ये मी एकदाही बसलो नव्हतो.

फाट्यापासून गावापर्यंत छोटी गाडी लावायची, तर खर्चावरून वरिष्ठांशी बरीच वादावादी झाली. शेवटी गाडी सुरू झाली, राजीनामेही कमी झाले. ती मुलगी मात्र परत आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं.

माणसं भरती करणं आणि त्यांना सामावून घेणं, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं, ते याच शहरात दिसतं. इथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत 1992 साली महिलांची पहिली तुकडी आली. पण त्यांना मिळालं ते ठरावीक वर्षांचं कमिशन. 2008 पासून कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत कायम कमिशन मिळू लागलं. बाकीच्या अनेक शाखांसाठी सर्वोच्च न्यायालयाला 17 फेब्रुवारी 2020 रोजी निकाल द्यावा लागला. त्या खटल्यात सरकारचा एक मुद्दा असा होता, की ग्रामीण भागातून आलेले जवान महिला अधिकाऱ्याचा हुकूम मानायला मनानं तयार नाहीत. न्यायालयानं तो फेटाळला. मला तो मुद्दा ओळखीचा वाटला, कारण कारखान्यातही हेच ऐकलं होतं: ‘‘आमची हरकत नाही हो, पण कामगार ऐकणार नाहीत.’’ ज्याला स्वतःला बदलायचं नसतं, तो बहुतेक वेळा खालच्यांचं नाव पुढं करतो.

सैन्याची एक रीत मात्र मी सगळ्या एचआरवाल्यांना सांगतो. दक्षिणेकडच्या पलटणीत गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला जवानांची भाषा शिकावी लागते. मला तमिळ शिकवलं आमच्या सुभेदार साहेबांनी; माझे उच्चार ऐकून अख्खी कंपनी हसायची. पण ज्याच्या हातात अधिकार, त्यानं आधी वाकायचं, हा धडा तिथं मिळाला. कारखान्यात पाहिलं, तर सुरक्षेच्या सूचना इंग्रजी आणि तमिळमध्ये, आणि यंत्रावर उभा ओडिशाचा मुलगा. त्यानं त्या वाचायच्या कशा?

चेन्नईच्या टी. नगरमध्ये तुम्ही साड्या घ्यायला गेला असाल. तिथल्या मोठ्या दुकानांत विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या असायच्या. तमिळनाडूनं 2021 साली दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. केरळनं ते 2018 मध्येच केलं होतं. एका खुर्चीसाठी कायदा लागला, कारण ती द्यावी असं मालकांना आपणहून सुचलं नाही.

मग एचआरनं करायचं काय? राजीनामा आला, की महिनाभरानं त्या माणसाला फोन करा. हिशेब चुकता झाल्यावर लोक खरं बोलतात. राजीनामे पाळी, मार्ग आणि वरिष्ठ यांप्रमाणे लावून बघा. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्यानं लागतेच. तिच्या सदस्यांची नावं कामगारांना वाचता येतील अशा भाषेत लावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधीचं धोरण लिहिलं असेल, तर ते बाजूला ठेवून आधी व्हीलचेअर घेऊन गेटपासून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन बघा. कुठं अडते ते लिहून काढा. आणि कर्णबधिर उमेदवाराची पहिली मुलाखत फोनवर ठेवू नका. हसू नका, हे घडतं.

महिला दिनाला गुलाब जरूर द्या. पण त्या दिवशी दुसरी पाळी सुटली, की एकदा शेवटच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. मी गेलो, पण उशिरा. तुम्ही या आठवड्यात जा.

जय हिंद.